अडुसष्ट हजारांचं इस्टिमेट आणि नव्या गाडीचा हप्ता

प्रश्न: मी सांगलीत राहते, तासगावच्या शाळेत शिक्षिका आहे, रोज गाडीनेच ये-जा. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ९६,००० किलोमीटर झालेत. स्पीडब्रेकरवर पुढून खडखड येते, गाडी डावीकडे ओढते, पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झालेत, मागचे ठीक आहेत. सर्व्हिस सेंटरने ६८,४०० रुपयांचं इस्टिमेट दिलं. शोरूमवाले जुनीचे १,६०,००० देतायत. नवी ७,८०,००० ला पडते. २०,००० रोख आणि ६ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षं. मिस्टर म्हणतात, या गाडीवर आता एक रुपया घालायचा नाही. मुलगी पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाईल. हाताशी १,४०,००० ची एफडी आहे. विम्यातून काही निघेल का? काय करू?

ताई, इस्टिमेटचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. त्यात स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा भाग) १७,८००, पुढचे शॉकअप माउंटसकट ११,६००, मागचे शॉकअप ५,२००, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारे हात) ६,८००, टाय रॉड एंड (रॅक आणि चाक यांना जोडणारा सांधा) आणि लिंक रॉड (सस्पेन्शनची छोटी जोडदांडी) ४,६००, चार टायर १८,००० आणि मजुरी-अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) ४,४०० असं आहे. बेरीज बरोबर आहे, पण सगळी कामं एका तोलाची नाहीत.

लोअर आर्म आणि टाय रॉड एंड यांत घासाघीस नको. आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे टोकाचा गोल सांधा, सुटला तर चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडतं; टाय रॉड एंड निसटला तर स्टिअरिंग तुमच्या हातात आणि चाक आपल्या मनाने. टायर आतून खाल्ले गेलेत, म्हणजे तिथे कुठेतरी ढिलाई किंवा अलाइनमेंटची गडबड नक्की आहे. हे काम न करता नुसते नवे टायर घातलेत तर तेही तसेच खाल्ले जातील. आधी सांधे, मग टायर, शेवटी अलाइनमेंट, हा क्रम मोडू देऊ नका. पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय असा शेरा आहे. ते आत्ताच करा, जोडीने. तो भाग तसाही उघडणारच आहे. टायर मात्र दोनच घ्या, मागचे ठीक आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

रॅकपाशी मी अडलो. माझ्याच गाडीत काही वर्षांपूर्वी अशाच खडखडीसाठी एका वर्कशॉपने रॅक बदलला. घरी येताना पहिल्याच स्पीडब्रेकरवर तोच आवाज! शेवटी नऊशे रुपयांची लिंक रॉड निघाली. रॅकचे पैसे गेले ते गेले. म्हणून एखाद्या जुन्या, ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी न्या आणि समोर उभ्या राहा. गाडी जॅकवर घेऊन चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवायचं. खेळ (ढिलेपणा) लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक. बारा आणि सहाच्या जागी खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. दुसऱ्या माणसाने स्टिअरिंग थोडंथोडं डाव्या-उजव्या बाजूला हलवत राहायचं आणि मेकॅनिकने एकेका सांध्यावर बोट ठेवून ठोका कुठे लागतो ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकलेला नाही ना, तेही बघायला सांगा. त्यानेही गाडी एका बाजूला ओढते.

रॅक आणि मागचे शॉकअप तूर्त बाजूला ठेवले, टायर दोनच घेतले, तर आजचा खर्च मजुरीसकट ३६,००० च्या आसपास येतो. नव्या गाडीचा हप्ता १२,६०१ रुपये. म्हणजे तीन हप्त्यांपेक्षाही कमी.

मिस्टरांचं म्हणणं मला कळतं, पण दीड लाखाच्या गाडीवर ६८,००० का घालायचे, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. विचारायचं ते हे, की पुढची तीन वर्षं गाडी वापरायला वर्षाला किती लागतील? जुनीचं धरू. आजचे ३६,०००, पुढेमागे रॅक आणि मागचे शॉकअप मिळून २३,०००, इतर देखभाल वर्षाला १५,०००, आणि तीन वर्षांनी विकताना किंमत १,६०,००० वरून समजा ८०,००० वर आलेली. एकूण १,८४,०००, वर्षाला साधारण ६१,०००. नवीचं: जुनीचे १,६०,०००, रोख २०,००० आणि ३६ हप्ते मिळून ६,३३,००० च्या वर जातात. तेव्हा कर्ज अजून २,७४,००० उरलेलं असेल. गाडी पाच लाखांना गेली असं धरलं तर हातात सव्वादोन लाख. म्हणजे तीन वर्षांना चार लाखांहून जास्त, वर्षाला १,३६,०००. नवीचा जास्तीचा विमा आणि सर्व्हिस मी यात धरलेलीच नाही. फरक वर्षाला पाऊण लाखाचा, आणि तोही नेमका मुलीची फी सुरू होते त्याच वर्षापासून. मला तरी हा हप्ता आत्ता नको वाटतो.

‘जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या’ असं शोरूममध्ये सांगितलं असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर २८ ऐवजी १८ टक्के झाला हे खरं, पण तो काही दिवाळीपुरता सेल नाही. शिवाय गाड्यांच्या सुट्या भागांवरही तेव्हापासून १८ टक्केच आहे. बिलात कर किती लावलाय ते वाचा.

विम्यातून निघेल का, असंही विचारलंत. झिजलेल्या भागांना विमा मिळत नाही, झिरो डेप (भागांची घट न कापणारा विमा) असला तरी. खड्ड्यात आपटून आर्म वाकला असता तर गोष्ट वेगळी. पण तुमच्याकडे ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आहे, छोट्या रकमेसाठी तो घालवू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पुढे नवी घ्याल तेव्हा तिच्यावर लावून मिळेल.

पैसे एफडीतूनच काढा, किंवा मोडायची नसेल तर तिच्यावर कर्ज घ्या. क्रेडिट कार्डावर हप्ते पाडू नका. मग महिना सहा हजारांप्रमाणे सहा महिन्यांत खड्डा भरून काढा आणि तेच सहा हजार पुढे ‘नवी गाडी’ म्हणून आवर्ती ठेवीत जाऊ द्या.

कारण नवी गाडी घ्यायची आहेच, फक्त आत्ता नाही. तुमच्या मॉडेलमध्ये एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग नाहीत. एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ मध्ये सक्तीची झाली. रोज रस्त्यावर असणाऱ्या बाईसाठी हे कारण खडखडीपेक्षा कितीतरी मोठं आहे, आणि मिस्टरांनी हे पुढे केलं असतं तर मला उत्तर द्यायला जड गेलं असतं. २०२९ मध्ये नोंदणीची १५ वर्षं भरतील. तेव्हा फिटनेस, नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर भरून ही गाडी ओढत बसू नका. त्याआधीच विका.

गाडी वर उचलतील तेव्हा आणखी एक बघा. शॉकअप जिथे बसतो ती जागा आणि खालचा क्रॉसमेंबर (सांगाड्याची आडवी पट्टी) गंजून पोखरलेला असेल, तर वरचं सगळं गणित विसरा. एकही पार्ट न घालता आहे त्या भावाला गाडी द्या. तसं नसेल तर आर्मचं काम याच आठवड्यात करून घ्या, जुने पार्ट मागून घ्या आणि रॅकचं काय निघालं ते मला कळवा.