जुने टॉवर स्पीकर घेताना

प्रश्न : मालवणात एका घरी 15 वर्षांपूर्वीचे टॉवर स्पीकर विकायचे आहेत. काय तपासू?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : आधी जाळी काढा. वूफरच्या, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम बोटाला चिकटला किंवा त्याचा भुगा पडला, तर कडा बदलाव्याच लागतील. वूफरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, चार बोटांनी हलकेच, सारखा दाबा. खरखर आली तर कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) घासतेय. 8 ओहमच्या (ओहम म्हणजे विजेच्या रोधाचं माप) स्पीकरला मल्टीमीटर या वीज मोजायच्या मीटरवर साधारण 6 ते 7 ओहम दिसतात. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, मात्र गाणं लावून, कान जवळ नेऊनच तपासा. क्रॉसओव्हर या आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमधला कपॅसिटर मीटरची वीज अडवतो, म्हणून ट्वीटर मीटरवर कळत नाही.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत खरा घात तळाशी होतो. स्पीकर आडवा करा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) फुगून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा सुटत असेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. वायर जोडायच्या टर्मिनलवरचा हिरवा थर घासून निघतो, त्यापायी सौदा मोडू नका.