पेट्रोल एवढं महागलंय, आकुर्डी ते स्वारगेट रोज कारने जाणं परवडतं की मेट्रोने?

तुमची माहिती अशी: एका बाजूने 20 किमी, महिन्याला 22 दिवस, पेट्रोल कार, आत तुम्ही एकटे. घरापासून पीसीएमसी मेट्रो स्टेशन साडेचार किमी, आणि स्वारगेटला उतरल्यावर ऑफिस चालत. हिशेब यावरच करू.

आधी गाडीचं खरं ॲव्हरेज काढा. डॅशबोर्डवर दिसतं ते सहसा जास्तच असतं. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा टक् करून बंद पडलं की तिथेच थांबायचं. पंपावरचा पोरगा राउंड फिगर करायला अजून दोन-चार पिचकाऱ्या मारतो, ते करू देऊ नका, सगळा हिशेब तिथेच बिघडतो. ट्रिप मीटर शून्यावर आणा, तीन-चारशे किमी नेहमीसारखी चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा पहिल्या टक्पर्यंत भरा. झालेले किमी भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. जुन्या हायवेवर सकाळच्या गर्दीत 13 आलं तर नवल नाही.

महिन्याच्या 880 किमीला 13 च्या ॲव्हरेजने 67.7 लिटर लागतात. लिटर 104 रुपये धरला तर 7,040 रुपये. टायर, सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, क्लच मिळून किमीला दीड रुपया धरा, म्हणजे आणखी 1,320. झाले 8,360. पार्किंगचे पैसे पडत असतील तर ते वर. विमा आणि गाडीची घटणारी किंमत मी मुद्दाम धरत नाही, कारण गाडी घेऊन झालीय. ती दारात उभी राहिली तरी तो खर्च चालूच. (नवी कार घेऊ का, असा प्रश्न असता तर हेच आकडे सगळ्यात मोठे निघाले असते.)

आता मेट्रो. तिचं जास्तीत जास्त भाडं 35 रुपये आहे, तेच धरू. जाऊन-येऊन 70, महिन्याला 1,540. हा आकडा बघून लोक खूश होतात आणि घर ते स्टेशन विसरतात. रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किमीला 25 आणि पुढे किमीला 17. साडेचार किमीचे झाले 76. दिवसातून दोनदा, 22 दिवस, म्हणजे 3,344! मेट्रोच्या दुपटीहून जास्त. एकूण 4,884.

म्हणून खरा प्रश्न त्या साडेचार किमीचा आहे. पीएमपीएमएलच्या (पुणे आणि पिंपरी-चिंचवडची शहर बससेवा) बसला 5 किमीपर्यंत 10 रुपये पडतात, म्हणजे महिन्याला 440. मेट्रो धरून 1,980. घरी स्कूटर असेल तर 198 किमीला 45 च्या ॲव्हरेजने साडेचारेक लिटर, म्हणजे साधारण साडेचारशे रुपये, अधिक स्टेशनच्या पार्किंगचे. माझं मत विचाराल तर स्कूटरच. बस चुकली की माणूस घाईत रिक्षाला हात करतो, आणि असं आठवड्यातून तीनदा झालं की बचतीतले महिन्याला आठ-नऊशे रुपये गेले. निगडीपर्यंतचा वाढीव मार्ग सुरू झाला की आकुर्डीतच स्टेशन येणार आहे, मग ही कटकटच नाही.

नुसती बस हवी तर दोन्ही महापालिका हद्दींचा पीएमपीएमएलचा मासिक पास 1 जून 2025 पासून 1,500 ला आहे, पूर्वी 900 होता. सगळ्यात स्वस्त हाच, पण वेळेचा भरवसा नाही. आणि हा पास मेट्रोत चालत नाही.

सोबत एक सहकारी घेता आला तर कार वाटते तितकी आतबट्ट्याची नाही. 8,360 चे दोघांत 4,180, म्हणजे रिक्षा अधिक मेट्रोपेक्षा कमीच. पेट्रोल 5 रुपयांनी वाढलं तर एकट्याला महिन्याला 338 रुपये जास्त पडतात. ॲव्हरेज 13 चं 16 झालं तर 1,320 वाचतात. तेव्हा भावाकडे रोज बघण्यापेक्षा टायरची हवा बघा. थंड टायरमध्ये तपासायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो.

मेट्रो धरलीत तर गाडी महिनाभर तशीच उभी ठेवू नका. बॅटरी उतरते, आणि बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात, तो खर्च पेट्रोलच्या वरताण. आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं रस्त्यावर फिरवा. जागेवर नुसतं इंजिन चालू ठेवून बॅटरी नीट चार्ज होत नाही. विम्याच्या नूतनीकरणाला 'पे ॲज यू ड्राइव्ह' विचारा, 2022 पासून त्याला परवानगी आहे. वर्षाला किती किमी चालवणार ते सांगितलं की ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) हप्ता कमी होऊ शकतो, थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) मात्र तेवढाच राहतो. पीयूसीही चालू ठेवा.