कुसळी हे गवताचं नाव की काट्याचं?

माळावरची कुसळी एक शेजारी म्हणतो उत्तम चारा, दुसरा म्हणतो पेटवून द्या. मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. घोळ नावातच आहे.

आधी शब्द. कुसळ म्हणजे गव्हाच्या ओंबीला असतो तो राठ, टोकदार केस. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ' म्हणताना आपण धुळीचा कण समजतो, पण मळणीत ज्याच्या डोळ्यात ते खरंच गेलंय, तो त्याला क्षुल्लक म्हणणार नाही. ज्या गवताला अशी कुसळं फार, ती कुसळी. म्हणजे हे नाव एका जातीचं नाही, गुणाचं आहे. म्हणूनच गावोगाव ते वेगवेगळ्या गवतांना लागतं.

माळावर बहुतेक वेळा कुसळी म्हणजे हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस (हे त्या गवताचं शास्त्रीय नाव). पिकलं की शेंड्याची तपकिरी कुसळं एकमेकांत पिळून त्यांची वेणी होते. त्यातलं एक सुटं करून ओल्या फडक्यावर ठेवा आणि थोडा वेळ पाहत बसा. पीळ उलगडायला लागतो, कुसळ घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. बुडाला सुईसारखं टोक आणि त्यावर उलट्या दिशेची लव, त्यामुळे एकदा आत शिरलेलं बी मागे येत नाही. पाऊस पडला की ते असंच स्वतःला जमिनीत पेरतं. मेंढीच्या लोकरीतून कातडीतही असंच घुसतं. जनावराच्या हिरड्यांत रुतलेली कुसळं मी स्वतः काढली आहेत. तोंड सुजलेलं जनावर दोन-दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही. हवाई बेटांवरही हेच गवत आहे. तिथे त्याला पिली म्हणतात, म्हणजे चिकटणारं. समुद्रापलीकडच्या माणसांनाही तेच जाणवलं!

पण हेच गवत निसवायच्या, म्हणजे तुरा बाहेर पडायच्या आधी कोवळं असताना जनावरं आवडीनं खातात. म्हणून कापणी कुसळ धरण्याआधी करायची. ती वेळ चुकली तर कुसळं झडेपर्यंत थांबायचं. तेव्हा कस कमी, पण इजा नाही. छपराला शाकारायला तर ते वाळलेलंच बरं.

दुसरी कुसळी म्हणजे अॅरिस्टिडा. लॅटिनमध्ये 'अरिस्टा' म्हणजे कुसळच, तेव्हा शास्त्रज्ञांनीही नाव त्यावरूनच ठेवलं. हिच्या कुसळाला तीन फाटे असतात. ही वैरण म्हणून हलकीच, आणि माळावर हिचीच गर्दी झाली असेल तर समजा की चराई फार झाली आणि पवन्या, मारवेल यांसारखी चांगली गवतं मागे हटली. ती पेटवून परत येत नाहीत. तुकडा निदान दोन पावसाळे चराईला बंद ठेवा.

आता माळावर जा, एक कुसळ काढा आणि टोकाला किती फाटे आहेत ते मोजा. एक की तीन, ते कळवा. मग कापायचं कधी ते बोलू.