‘मला त्याचं काही नको, फक्त मोकळं व्हायचंय’

घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा पहिल्या तासाभरात वरचं वाक्य हमखास येतं. पुरुषांचं थोडं वेगळं असतं : ‘काय हवं ते घेऊ दे तिला, पण संपव म्हणावं.’ ऐकणाऱ्याला यात स्वाभिमान दिसतो. मला आताशा थकवाच जास्त ऐकू येतो, आणि थकलेला माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो.

मेघना (नाव बदललं आहे) मुलुंडची. नोकरी करणारी, मुलगी तिसरीत. परस्पर संमतीने वेगळं व्हायचं ठरलं होतं, भांडण संपलं होतं. नवऱ्याच्या वकिलाने मसुदा पाठवला होता : फ्लॅटमधला हिस्सा ती हक्कसोडपत्र करून सोडणार, पोटगी मागणार नाही, मुलगी तिच्याकडे राहणार.

‘मग अडलंय कुठे?’
‘कुठेच नाही मॅडम. झोप लागत नाही, म्हणून आले.’
‘होम लोन कोणाच्या नावावर आहे?’
‘दोघांच्या. पण हप्ता तोच भरतो, त्यामुळे घर त्याचंच ना.’
‘आणि तुमचा पगार?’
‘तो घरातच जातो. किराणा, फी, सोसायटीचा मेंटेनन्स, सासूबाईंची औषधं.’

मुंबईतल्या कितीतरी दोन पगारांच्या घरांत हीच वाटणी असते. एकाच्या पगाराचं घर होतं, दुसऱ्याचा पगार महिनाअखेरीला खाऊन संपतो. आपल्याकडे लग्नानंतरची मिळकत आपोआप निम्मीनिम्मी होत नाही; नाव कोणाचं आणि पैसे कोणाच्या खात्यातून गेले, हे बघितलं जातं. मेघनाचं नाव फ्लॅटच्या करारनाम्यावर होतं, तेच ती सोडायला निघाली होती.

‘हिस्सा मागितलात तर काय होईल?’ मी विचारलं.
‘लोक म्हणतील, पैशासाठी संसार मोडला.’
‘कोण लोक?’
तिने आईचं नाव घेतलं, मग नणंदेचं, मग थांबली. ‘खरं तर मीच म्हणेन स्वतःला.’

इथे मी घाई करत नाही. माणूस प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल मनात घोकलेल्या वाक्यात अडकतो, असं मी मानते, आणि या समजुतीने मला अजून दगा दिलेला नाही. ‘मागणारी बाई हावरट’ हे वाक्य तिने कागदावर लिहिलं, मोठ्याने वाचलं. ‘हे मी मैत्रिणीला म्हणाले असते का?’ असं तिचं तिनेच विचारलं. मग खाली दुसरं लिहिलं : ‘माझ्या पगाराचा हिशोब मी विचारू शकते.’ मी शब्दही सुचवला नव्हता.

पुढच्या वेळी ती डी-मार्टची पिशवी भरून कागद घेऊन आली. करारनामा, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स, बँकेचं सँक्शन लेटर म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र. ते पत्र तिने घेतल्यापासून उघडलंही नव्हतं. त्यात सहकर्जदार म्हणून तिचं नाव होतं, आणि मसुद्यात कर्जाबद्दल चकार शब्द नव्हता! हक्कसोडपत्राने मालकी जाते, कर्ज जात नाही. ‘हप्ते तो भरेल’ असं कोर्टात लिहून दिलं तरी बँकेवर ते बंधन नसतं. उद्या त्याने हप्ते थकवले तर बँक हिला विचारणार, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, हिची बिघडणार.

मी वकील नाही. तिला तिचा स्वतःचा वकील करायला लावला. दोघांचा मिळून एक वकील मला पटत नाही. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पोटगीचा अर्ज असेल तर दोघांनाही मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली तसं बंधनकारक केलं आहे. स्त्रीधन बाईचंच असतं, ते वाटणीत धरायचं नाही. पण जॉइंट लॉकरमध्ये काय आहे याची यादी आधी करा. मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क, आईने ‘काही नको’ म्हटल्याने तो बुडत नाही. आणि विमा, पीएफ, डिमॅटवरचं नॉमिनेशन घटस्फोटाने आपोआप बदलेल या भरवशावर राहू नका.

घाईबद्दलही सांगते. परस्पर संमतीच्या अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी दुसरी तारीख. 2017 पासून योग्य प्रकरणात कोर्ट ते सहा महिने माफ करू शकतं, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. मी मात्र म्हणते, मिळाले तर ते महिने कागदांसाठी वापरा.

मेघनाने वापरले. नवरा आधी चिडला, मग त्याच्याच वकिलाने त्याला समजावलं. मुलीची फी आणि दवाखाना कोण भरणार हे आकड्यांसह मसुद्यात आलं, तिच्या हिश्शाची रक्कमही आली. कर्ज त्याने एकट्याच्या नावावर करून घेतलं. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातल्या दुसऱ्या तारखेआधी, सहकर्जदार म्हणून नाव काढल्याचं बँकेचं पत्र तिच्या हातात पडलं. ते वकिलाला दाखवून मगच तिने हक्कसोडपत्रावर सही केली.