ट्रोपोनिन टी आणि हृदयाची घडण: नव्याने काम सुरू करणाऱ्यासाठी

सुरुवात झेब्राफिश या छोट्या माशापासूनच कर. भ्रूण पारदर्शक असतो आणि साधारण 24 तासांत हृदय धडधडू लागतं, ते साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतं. ट्रोपोनिन टी, म्हणजे हृदयस्नायूचं आकुंचन नियंत्रित करणारं एक प्रथिन, नसलेल्या 'सायलेंट हार्ट' भ्रूणात हृदयाची नळी तयार होते, पण एकही ठोका पडत नाही. तरी भ्रूण काही दिवस तगतो, कारण एवढ्याशा देहाला पाण्यातला ऑक्सिजन थेट मिळतो. उंदरात ही सवलत नाही.

आता खरी मेख. ट्रोपोनिन टी गेलं की ट्रोपोमायोसिन आणि ट्रोपोनिन आय ही त्याची जोडीदार प्रथिनंही घटतात, सार्कोमिअर (स्नायूतलं आकुंचन पावणारं एकक) नीट बांधला जात नाही. शिवाय रक्तप्रवाह थांबल्याने पुढे झडपाही बिघडतात. म्हणून वाकडी झडप दिसली की लगेच प्रथिनाला दोष देऊ नकोस. सामान्य भ्रूणाचे ठोके औषधाने थांबवून शेजारी ठेव. तिथेही झडप तशीच बिघडली, तर संशय प्रवाहावर घे.

मॉर्फोलिनो (जनुकाचं काम तात्पुरतं दाबणारा कृत्रिम रेणू) वापरलंस तर म्युटंटशी, म्हणजे ते जनुकच बिघडलेल्या भ्रूणाशी, ताडून पाहा, याबाबतीत मी फार आग्रही आहे. आणि फक्त फोटो काढू नकोस, व्हिडिओ घे. मंद, अडखळणारा ठोका फोटोत सापडतच नाही.