रोज विरार लोकलने ऑफिस, चर्च फक्त रविवारी. मग रोजचं आयुष्य देवाला अर्पण कसं करायचं?

सकाळी उठल्या उठल्या, मोबाईल हातात घ्यायच्या आधी, "प्रभू, आजचं काम, आनंद, त्रास सगळं तुझं" एवढं मनापासून म्हणायचं आणि मग दिवसभराचं काम चोख करायचं, बास. हे मी मनाचं सांगत नाहीये, बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात पहिल्याच वचनात येशूचा प्रेषित पौल म्हणतो की आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या, म्हणजे अंधेरीला दारात लोंबकळणारं घामेजलेलं शरीरपण त्यात आलंच की! कॅथलिक लोकांत याला सकाळचं अर्पण म्हणतात. 1844 साली फ्रान्समध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे फादर गोत्रले यांनी मिशनवर (धर्मप्रचाराला) जायला उतावीळ झालेल्या विद्यार्थ्यांना साधारण हेच सांगितलं होतं, की सध्या तुमचा अभ्यास, तुमची रोजची कामं हेच देवाला द्या, आणि त्यातूनच पुढे प्रार्थनेची मोठी चळवळ उभी राहिली. पाठ केलेलीच प्रार्थना लागते असं नाही, मराठीत स्वतःच्या शब्दांत, अगदी गाडीत उभं राहून केली तरी चालते. फक्त एक, कॅथलिक असाल तर याच्या नावाखाली रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बुडवता येत नाही, ती वेगळी.