गिर्यारोहकानं मोहिमेवर पुस्तक लिहायचं, तर तयारी काय लागते?

तुम्ही विचारलंय, की पुण्याहून नेपाळला मोहिमेवर जाताय, परतल्यावर पुस्तक लिहायचंय, तर १९९६ च्या एव्हरेस्ट दुर्घटनेवर ‘इन्टू थिन एअर’ हे पुस्तक लिहिणाऱ्या जॉन क्राकाउअर या अमेरिकी गिर्यारोहक-लेखकाच्या वाटेवरून काय घ्यावं.

एव्हरेस्टवर गेला तेव्हा क्राकाउअर नवखा लेखक नव्हता. १९७७ मध्ये त्यानं अलास्कातल्या डेव्हिल्स थंबवर एकट्यानं चढाई केली, सुतारकाम आणि मासेमारी करून पोट भरलं आणि १९८३ पासून पूर्णवेळ लेखन धरलं. १९९६ ची एव्हरेस्ट मोहीम त्यानं मासिकासाठीच केली. तरीही १० मेच्या वादळात साउथ कोल या शिखराखालच्या खिंडीतल्या छावणीजवळ आपण गाइड अँडी हॅरिसशी बोललो, असं त्याच्या मनात पक्कं बसलं. तसं छापूनही आलं. पुढे दुसऱ्या चमूतल्या मार्टिन अॅडम्स या गिर्यारोहकाशी बोलताना कळलं, की तो माणूस अॅडम्स होता. हॅरिस खाली पोचलाच नव्हता, आणि त्याच्या घरच्यांपर्यंत मात्र चुकीची हकीकत गेली होती. विरळ हवा आणि थकवा यांत स्मरण असं दगा देतं, म्हणून मी नोंदींवर इतका भर देतो.

नोंद त्याच रात्री, झोपण्याआधी करा. पेन्सिलच वापरा, बॉलपेनची शाई थंडीत घट्ट होऊन उमटत नाही. वही झिपच्या पिशवीत ठेवा. स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं यांना वेगळी खूण करा, नाहीतर महिन्याभरात दोन्ही एक होतात. फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, गारठ्यात बॅटरी बसते.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं. फोन आपोआप बदलतो, कॅमेरा बदलत नाही. मग फोटोंवरून घटनाक्रम लावताना सगळा घोळ होतो. काठमांडूत उतरल्याबरोबर कॅमेऱ्याची वेळ बदला. हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकाचंही तसंच. हवा बिघडून दाब उतरला, की तंबू जागचा न हलताही आकडा वाढतो. माहीत असलेल्या उंचीवर तो पुन्हा लावून घ्यायचा.

परतल्यावर प्रत्येक साथीदाराशी, शेर्पांशीही, वेगवेगळं बोला. चौघांना एकत्र बसवलं, की पहिला बोलतो तेच बाकीचे आठवू लागतात.

निघण्यापूर्वी आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढा. रात्री तुम्ही आणि सोबती, दोघांनीही न बोलता दोन-दोन पानं लिहा आणि मग ताडून पाहा.